प्रयागमावशी अ‍ॅपच्या घरी जातात

आमच्या प्रयागमावशी मोबाइलमध्ये नवीन अ‍ॅप उघडायच्या आधी डोक्यावरचा पदर सावरतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, व्हिडिओ कॉल असेल. तर नाही. समोर पाककृतींचं कुठलंसं अ‍ॅप होतं.

"काहून मावशी, पदर कशाला?"

"कोणाच्या घरी जायचं म्हणल्यावर नीट जावं न्हाई का?" असं म्हणून त्यांनी अलगद बोट टेकवलं.

आखाडा बाळापुरात माझं बी-बियाण्याचं दुकान आहे. त्याच्या मागच्या गल्लीत मावशी एकट्याच राहतात. अंगणवाडीतून निवृत्त झाल्यापासून दुपारी दुकानात येऊन स्टुलावर बसतात आणि कोणत्या अ‍ॅपच्या घरी जाऊन आल्या, तिथं पाहुणचार कसा झाला, ते सांगतात. मी मान डोलावतो. मला मोबाइलमधलं फोन उचलणं आणि फोन ठेवणं एवढंच कळतं. त्यातही ठेवणं बऱ्याचदा राहून जातं.

पाककृतींचं अ‍ॅप त्यांना मुळीच पसंत पडलं नाही. "आल्या आल्या नंबर दे, नाव दे, गाव सांग! आधी बस म्हण, पाणी विचार की बापा!" एका वेबसाइटवर जाहिरातींची गर्दी होती. त्यावर, "दारातच इतक्या चपला, पाय कुठं ठेवावं माणसानं?" आणि एका ठिकाणी बंद करायची फुली इतकी बारीक होती, की मावशी दोन दिवस धुसफुसत होत्या. "निघते म्हणलं तर दारच लपवून ठेवलं. पाहुण्याला असं कोंडून ठेवतंय का कोणी?"

बसच्या तिकिटांच्या एका अ‍ॅपवर मात्र त्या खूश आहेत. त्यात बाईच्या शेजारची सीट बाईलाच मिळते. "याला वळण हाय. चांगल्या घरचं हाय," असं त्यांनी सर्टिफिकेट दिलं आणि मलाही ते घ्यायला लावलं. मला कुठंच जायचं नव्हतं.

मध्यंतरी मी दुकानाचं एक पान मोबाइलवर करून घेतलं. वर माझा हसरा फोटो. मावशींनी चष्मा लावून पाहिलं. "तूच दिसून राहिला सगळा. बियाणं कुठंय? पाहुण्यानं मालकाचं तोंड बघूनच पोट भरावं काय?" मला राग आला. पण संध्याकाळी गुपचूप फोटो लहान करून घेतला. त्यानं काय फरक पडला, मला अजून समजलेलं नाही.

मावशींचा पोरगा सिद्धार्थ पुण्यात असतो. काय करतो म्हणून कोणी विचारलं, की मावशी सांगतात, "मोबाइलातली बटनं बसवतो." त्यामुळं गल्लीत घोटाळा होऊन बसलाय. निम्मे लोक त्याला टेलर समजतात. शेजारच्या पार्वतीवहिनी तर बाजूचं बटन दबलेला मोबाइल घेऊन आल्या होत्या, सिद्धू आला की बसवून दे म्हणावं. मागं सिद्धूनं आईला फोनवर समजावलं होतं, की स्क्रीनवर काय कुठं असावं, काय लिहावं, लोकांना तकलीफ होऊ नये, ते तो बघतो. कोणत्या अ‍ॅपमध्ये, असं मावशींनी विचारलं, तर "आई, तुला नाही कळणार, मीटिंग आहे," म्हणून त्यानं फोन ठेवला. त्याचे फोन तसेही थोडकेच येतात.

परवा मावशी आल्या त्या लाइटबिल भरायचं एक अ‍ॅप घेऊनच. हातातलं बिल बघून ग्राहक क्रमांक टाकू लागल्या.

"मावशी, शेवटचा आकडा चुकला."

"मुद्दाम चुकवून राहिले. बघ आता."

स्क्रीनवर अक्षरं आली : 'असू द्या, होतं असं. निवांत बघा, पुन्हा करू.'

मला काही उमजेना.

"हे माझं बोलणं हाय, गजू," मावशी म्हणाल्या. "सिद्धूच्या हातून दूध सांडलं, पाटी फुटली, की मी असंच म्हणायची. असू दे, होतं असं. किती अ‍ॅप पालथी घातली मी, पण असं कोणीच बोललं न्हाई. हे त्यानंच लिहिलं असंल, न्हाई का?"

रोज घरोघर हिंडून मावशी काय शोधत होत्या, ते तेव्हा कुठं माझ्या टाळक्यात शिरलं. ते त्यानंच लिहिलं की दुसऱ्याच कुणाच्या आईचं बोलणं होतं, मी काय सांगणार? मी आपला फोन काढला.

"त्यालाच विचारू की. लावतो आत्ता."

मावशींनी माझा हात धरला.

"नको रे बापा," त्या म्हणाल्या. "न्हाई म्हणला तर?"

आणि त्यांनी पुन्हा एक आकडा चुकवला.