धुमाळ सुभेदार बसत नाहीत

आमच्या वरच्या मजल्यावरचे धुमाळ सुभेदार गेल्या दोन वर्षांत आमच्याकडे एकतीस वेळा आले आणि एकदाही बसले नाहीत. चहा उभ्याने, पोहेही उभ्यानेच. खुर्ची पुढे केली की म्हणतात, "नको साहेब, बसलो की गंजतो." बोलता बोलता खोलीत फेऱ्या घालतात. एकदा मी मोजल्या, त्रेचाळीस भरल्या. इथे दिल्लीत, आर. के. पुरमच्या बाजारातला भाजीवाला त्यांना म्हणतो, "बाबूजी, एक जगह रुकिए तो सही, तोलूँ किसके लिए?"

असा माणूस माझ्या मुलीला बावीस मिनिटं एका जागी बसवतो, हे मला सहन होत नव्हतं.

इरा नऊ वर्षांची. गणिताची पेन्सिल शोधायला दुसऱ्या खोलीत जाते आणि तिथे तिला भलतंच काही सापडतं. दवाखान्यातल्या मॅडमनी सांगितलं, एडीएचडी. "गोळ्यांचा विचार पुढे गरज पडली तर. आधी तुम्हा आईबाबांचं ट्रेनिंग." सहा बैठका झाल्या. एका वेळी एकच सूचना, तीही जवळ जाऊन. अभ्यासाचे लहान तुकडे, मध्ये हालचाल. जमलं की लगेच शाबासकी. मी ऑडिटमधला माणूस; तक्ता केला, घड्याळ लावून बसलो. माझ्याजवळ इरा जास्तीत जास्त बसली ती सहा मिनिटं दहा सेकंद.

मग हिवाळ्यात ती वही घेऊन गच्चीवर उन्हात जाऊ लागली. खाली येताना गणितं झालेली. "आजोबांबरोबर केली. बावीस मिनिटं बसले मी."

"सुभेदारांना बरं जमतं," माझी बायको वैशाली म्हणाली.

"ते कुठलं ट्रेनिंग करून आलेत?"

"घड्याळाकडे बघत बसत नसतील."

आठवडाभर मी सुभेदारांशी कामापुरतं बोललो. शनिवारी गच्चीच्या दाराआड जाऊन उभा राहिलो. शरम वाटत होती, पण घड्याळ सुरू केलं होतं.

दोघं पाण्याच्या टाक्यांभोवती चालत होती. प्रत्येक टाकीपाशी एक पाढा. चार टाक्या झाल्यावर इरा म्हणाली, "चलो, आता बसायचं."

आणि सुभेदार बसले. सतरंजीवर, मांडी घालून. त्यांच्यासमोरही वही होती. उजवा गुडघा सारखा हलत होता. इराने लिहिता लिहिता त्यावर डावा हात ठेवला. "आजोबा, अजून दोनच. छान बसलात तुम्ही." वाक्य माझं होतं. सूरही माझाच.

मी दाराआडून पुढे झालो, तसे ते उठायला लागले. "बसा," इरा म्हणाली. ते बसले.

"साहेब, शाळेत मास्तर खांबाला बांधायचे मला," ते म्हणाले. "कशीबशी सातवी केली. मग पलटणीत पळण्याचाच पगार मिळाला. सुभेदार झालो, पण अपूर्णांक राहिले ते राहिलेच." पेन्सिल त्यांनी दोनदा फिरवली. "लेक ऑफिसला गेली की दिवस संपत नाही. ही शेजारी बसली की मला बसवतं. पण तुम्ही आलात तर उठतो मी. जागा तुमचीच आहे."

मी घड्याळ बंद केलं. निकाल इराने दिला.

"कुणी उठायचं नाही. बाबा तपासतील. त्यांना येतं."

तिने दोन्ही वह्या माझ्यापुढे ठेवल्या. सुभेदारांच्या वहीला खाकी कव्हर होतं आणि त्यावर इराच्या अक्षरात लिहिलं होतं: नाव – धुमाळ आजोबा. इयत्ता – चौथी.

इराची दहापैकी आठ बरोबर होती. मग मी दुसरी वही उघडली. सुभेदार पाठ ताठ करून माझ्या पेनाच्या टोकाकडे बघत होते. गुडघाही थांबला होता. पंचवीस वर्षांच्या नोकरीत मी कधी एक आकडा इकडचा तिकडे केलेला नाही.

त्यांची पाच बरोबर होती. मी सहा गुण दिले.