सिनेमात कोणी खोकत नाही

रामटेके काका सिनेमाची पाच तिकिटं काढत आणि एकटेच जाऊन बसत.

त्यांना आवडणारे सिनेमे नागपुरात क्वचितच येत. आले तर एका मॉलमध्ये, शुक्रवारी सकाळी दहाचा एकच खेळ. पाचापेक्षा कमी तिकिटं गेली की मॅनेजर खेळ रद्द करी. म्हणून काका पाच काढत. मध्यंतरापर्यंत एका खुर्चीत बसत, मग दुसऱ्या, मग शेवटच्या पाऊण तासात उरलेल्या तीन. एकदा मी विचारलं, "काका, सारखी जागा का बदलता?"

"बाकीच्या खुर्च्या पूर्ण वेळ रिकाम्या राहिल्या तर डायरेक्टरले काय वाटन?"

डायरेक्टर तेव्हा बहुधा केरळात आपल्या घरी जेवत असावा. पण काकांना ते पटवणं कठीण होतं.

मी नागपूरच्या एका दैनिकात रविवारची पुरवणी पाहते. काका टपालखात्यातून निवृत्त झाले आणि काही महिन्यांनी आमच्या ऑफिसात हाताने लिहिलेला एक ताव घेऊन आले. नोकरीतली सगळी वर्षं त्यांनी पत्रांची छाटणी केली होती. म्हणजे पाकिटांवरचे पत्ते वाचायचे आणि ती योग्य कप्प्यात टाकायची. "पत्त्यावरूनच समजते मॅडम, माणसाले पत्र पोचवायचं हाय का नुसतं पाठवायचं हाय. हे सिनेमावर लिहिणारे सारे नुसतं पाठवून राहिले." त्या तावावर एका बंगाली सिनेमाचं परीक्षण होतं. त्यातली तीन वाक्यं वाचून मी तिथल्या तिथे छापायचं ठरवलं: 'शेवटच्या रांगेतील गृहस्थ मध्यंतरापर्यंत झोपले होते. परंतु झोप शांत लागली, असे त्यांनी स्वतः सांगितले. हे छायाचित्रणाचे यश मानावे लागेल.'

तेव्हापासून दर रविवारी 'एक खेळ' हे सदर सुरू झालं. बोलताना नागपुरी आणि लिहिताना सरकारी पत्रासारखं मराठी, अशी त्यांची दोन तोंडं होती. परीक्षणात सिनेमाइतकीच सभागृहाची हकीकत असे. कोण आलं, कोण कधी उठून गेलं, एसी किती होता. तारे मात्र ते देत नसत. "साडेतीन स्टार! अर्धा कुठचा कापला? माणसाले कोणी साडेतीन म्हणते काय?"

सोमवारी सकाळी त्यांचा फोन ठरलेला. मुंबई-दिल्लीच्या समीक्षकांनी काय लिहिलंय ते कात्रणांतून मला वाचून दाखवायचे. काही शब्दांवर त्यांचा खास राग होता. "'अस्वस्थ करणारा चित्रपट' म्हणते. कोणाले अस्वस्थ केलं? नाव सांग ना! हा तर चहा पिऊन घरी गेला." किंवा, "'ध्यानमग्न' लिहिलं हाय. डुलकी लागली असन याले." आणि संथ या शब्दाला तर घरात बंदीच होती. "संथ म्हणजे काय रे? तुले कुठं जायचं होतं?"

एवढा जळफळाट करणारा माणूस स्वतः मात्र कुठल्याही छोट्या सिनेमाला वाईट म्हणत नसे. काहीच बरं सापडलं नाही, तर 'नायिकेच्या घरातील खिडकी उत्तम आहे' असं लिहीत. मी एकदा म्हटलं, काका, हे खोटं नाही का? ते म्हणाले, "मोठ्या सिनेमाले शिव्या दे, त्याले ऐकूही येत नाही. याले एक शिवी दिली तर हा घरी जाऊन बसते. मंग पुढच्या शुक्रवारी मी काय पाहू?"

त्यांच्या घरी, नंदनवन वस्तीत, दोन खोल्या आणि काका. मुलगी हैदराबादला. काकू धंतोलीच्या एका दवाखान्यात वारल्या, त्याला बरीच वर्षं झाली होती. शुक्रवार हा त्यांचा सण होता एवढं समजलं तरी पुरे.

गेल्या हिवाळ्यात काकांचा फोन सोमवारऐवजी बुधवारीच आला. "मॅडम, आपल्या भिवापूरवर सिनेमा आला! मिरचीच्या सातऱ्यावर!"

सातरा म्हणजे बाया रांगेनं बसून वाळल्या मिरच्यांचे देठ खुडतात ती जागा. लाल ढिगांमध्ये दिवसभर. काकांची आई त्या बायांतच होती, आणि काकांचं बालपण भिवापुरात त्या ढिगांच्या कडेला गेलं होतं. सिनेमा एका तरुण मुलीने केला होता. तिचं आणि सिनेमाचं नाव इथे देत नाही, तिला आता पुन्हा त्रास नको. परदेशात तो गाजला होता. समीक्षकांनी 'लाल रंगाची कविता', 'श्रमाचे निःशब्द स्तोत्र' असं काय काय लिहिलं होतं. काकांनी आयुष्यात पहिल्यांदा ती विशेषणं माफ केली.

त्या शुक्रवारी ते एकटे गेले नाहीत. टपालातले जुने सोबती, विहारातल्या बाया, शेजारपाजार, असे बावीस जण घेऊन गेले. मीही गेले. काकांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता आणि लग्नघरच्या माणसासारखे प्रत्येकाला जागा दाखवत होते.

सिनेमा सुंदर होता, हे कबूल केलं पाहिजे. मिरचीचे डोंगर, त्यावर ऊन, बायांचे हात, खूप वेळ कोणीच काही बोलत नाही. नुसता वारा. तासाभराने काकांच्या शेजारच्या सुशीलाबाई, ज्यांनी स्वतः तरुणपणी सातऱ्यावर देठ खुडले होते, मोठ्याने काकांना म्हणाल्या, "काहून गा दामोदर, एकही बाई खोकलत नाही?"

पुढेमागे थोडं हसू झालं. काका हसले नाहीत. शेवटचं नाव पडद्यावरून जाईपर्यंत ते बसून राहिले आणि बाहेर आल्यावर तडक घरी गेले.

परीक्षण शनिवारी दुपारपर्यंत आलं नाही. मग काका स्वतः घेऊन आले. अर्धंच पान होतं. 'या चित्रपटात वाळलेल्या मिरचीच्या ढिगात तेरा स्त्रिया दोन तास बसतात आणि एकही खोकत नाही. शिंकत नाही. डोळे पुसत नाही. ज्या समीक्षकांनी यास सत्यदर्शन म्हटले, त्यांनी घरी मिरची भाजून पाहावी. सौ. सुशीलाबाईंनी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर माझ्यापाशी नाही.' वर त्यांनी दिलेलं शीर्षक होतं, 'एक खेळ: बावीस जणांसह.'

"खिडकी वगैरे काही नाही काका?" मी विचारलं.

"होती. चांगली होती. नाही लिहावं वाटलं."

पुढचं पाप माझं. ते शीर्षक मला मिळमिळीत वाटलं. मी ते काढलं आणि लिहिलं, 'मुंबईच्या समीक्षकांना नागपूरचा ठसका!' आठ वर्षांत काकांचं सदर कोणी कापून ठेवलं नव्हतं. हे मात्र सोमवारी दुपारपर्यंत गावभर मोबाइलवर फिरलं. मग गावाबाहेर. सिनेमा न पाहिलेली माणसं त्या मुलीला शिव्या देऊ लागली. ती गरिबी विकते, असं ही माणसं म्हणाली, आणखीही बरंच काही म्हणाली, ते लिहिण्यासारखं नाही. ज्यांनी 'स्तोत्र' लिहिलं होतं, त्यांतल्या दोघांनी आठवड्याभरात 'काही प्रश्न' असा दुसरा लेख लिहिला. अमरावती आणि चंद्रपूरचे खेळ रद्द झाले. काका रोज फोन करून विचारत, "मॅडम, हे थांबत काहून नाही?"

दोन आठवड्यांनी ती मुलगी आमच्या ऑफिसात आली. तिशीची असेल. डोळ्यांखाली काळं, खांद्याला पिशवी. रामटेकेंचा पत्ता द्या म्हणाली. मी तिला घेऊन गेले, कारण तिला एकटीला पाठवायची माझी हिंमत झाली नाही.

काकांनी दार उघडलं, ओळखलं, आणि गडबडून म्हणाले, "बस बेटा. मी चहा टाकतो."

चहा येईपर्यंत ती भिंतीकडे बघत होती. मग म्हणाली, "तो मथळा तुम्ही दिला होता?"

काकांनी माझ्याकडे एकदाच पाहिलं. "हो. मीच देल्ला."

मी कप तोंडाला लावला. तोंड उघडायची ती वेळ होती, आणि मी चहा प्यायले.

"तुम्ही पूर्ण पाहिला?"

"शेवटच्या नावापर्यंत."

"मग तुम्ही एकटेच, काका. ज्याने सगळ्यात जास्त कौतुक केलं, त्याने शेवटच चुकीचा लिहिलाय. माझी म्हातारी मरत नाही ना शेवटी."

"नाही मरत. भाकर बांधून कामावर जाते."

ती रडेल असं वाटलं, पण तिने पिशवीतून लॅपटॉप काढला. "खोकला होता. मी चार महिने राहिले तिथे, मला काय दिसला नसेल? पण फेस्टिव्हलसाठी ज्यांनी सिनेमा विकत घेतला, ते म्हणाले, खोकल्यामुळे प्रेक्षक बिथरतो, शांतता मोडते. मी नाही नाही म्हणत होते. मग काढला." तिने एक बटण दाबलं.

काकांच्या त्या खोलीत बायांचा खोकला सुरू झाला. आधी एक कोरडा, मग दुसरा त्याला जोडून, मग चार-पाच एकदम. मध्ये बांगड्या, कोणीतरी थुंकलं, कोणीतरी हसत काही बोललं आणि त्या हसण्याचाच पुन्हा खोकला झाला.

काका हळूच खाली, जमिनीवर, लॅपटॉपच्या जवळ बसले.

मग म्हणाले, "मायचा फोटो नाही माझ्यापाशी. आवाजही विसरलो होतो." आणि पुढे, "पोस्टाच्या परीक्षेले बसलो होतो मी. एकच खोली. ती खोकलत राहे, माझा अभ्यास होत नसे. मी म्हटलं, माय, तू बाहेर पडवीत झोपत जाय. थंडीचे दिवस होते. ती गोधडी घेऊन गेली. मी पास झालो. ती त्या उन्हाळ्यात गेली." त्यांनी मुलीकडे पाहिलं. "तुले मी काय बोलू बेटा? तुनं नंतर काढला. मी आधीच काढला होता."

ती त्यांच्या शेजारी खाली बसली. लॅपटॉप कोणीच बंद केला नाही.

निघताना काका म्हणाले, "पुन्हा टाक ना तो खोकला. मी पुन्हा बावीस जण आणतो."

"आता माझ्या हातात नाही काका. सिनेमा त्यांचा झालाय. आणि ते म्हणतात, आता तो कोणी लावणार नाही."

हे खरं ठरलं. ती आता पुण्यात लग्नांचे व्हिडिओ जोडण्याचं काम करते. तो आवाज तिने काकांच्या मोबाइलवर पाठवून दिला. काकांनी लिहिणं थांबवलं. शुक्रवारी जाणंही. मॅनेजरने मला फोन करून विचारलं, ते पाच तिकिटंवाले आजारी आहेत का? दहाचा खेळ त्याने बंदच करून टाकला.

मागच्या महिन्यात मी नंदनवनात गेले. मथळ्याचं बोलायचंच असं ठरवून गेले होते. काकांनी चहा केला, बिस्किटं ठेवली, माझ्या पोरीच्या परीक्षेचं विचारलं. मी दोनदा सुरुवात केली आणि दोनदा हवेबद्दल बोलले. त्यांना कळलं असावं. दारापर्यंत सोडायला आले तेव्हा म्हणाले, "ते जाऊ द्या मॅडम. माझ्या सदराची जागा कोणाले देल्ली?"

"पाककृतींना," मी म्हटलं.

"बरं केलं," काका म्हणाले. "ते वाचून लोक निदान करून तरी पाहतात."