खाटेच्या पायथ्याचा कागद

"आठ दिवस द्या! पुढच्या रविवारी मी माझं हृदय शोधून दाखवते!" देवकीबाई मोहरील यांनी ध्यानाच्या भर वर्गात जाहीर करून टाकलं.

आणि का करू नये? बावीस वर्षं त्या मुलींच्या कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत शिकवत होत्या. बेडकाचं हृदय त्या बोलता बोलता काढून बशीत ठेवत, आणि ते बशीतही उडत राही. माणसाचं हृदय म्हणजे मुठीएवढा स्नायू, वजन सुमारे तीनशे ग्रॅम, मुक्काम छातीत किंचित डावीकडे. पत्ता इतका पक्का असताना घरमालक सापडू नये?

पण सापडत नव्हता! नागपुरात सक्करदऱ्याच्या तलावाजवळ एका वाचनालयाच्या मागच्या खोलीत निवृत्त पोस्टमास्तर आनंदराव दर रविवारी सकाळी ध्यानाचा वर्ग घेत. रीत अगदी साधी. डोळे मिटायचे, छातीत जे काही जाणवेल, ठोका, ऊब, थरथर, त्याच्यापाशी हलकेच लक्ष ठेवायचं. "पकडू नका, मोजू नका," आनंदराव सांगत. "शेजारी कोणी आजारी असला की आपण जसं त्याच्याजवळ गुमान जाऊन बसतो ना, तसं बसा आपल्या हृदयाजवळ." मग शेवटी प्रत्येकाला विचारत, "काय जाणवलं?"

कळमन्याचे धान्याचे अडते वामनराव छाती चोळत म्हणत, "मले तर जी, आतून दोन पोती उतरल्यासारखं हलकं वाटून राहिलं!"

प्रेमलता नावाची शिवणकामवाली म्हणे, "मले आत ऊन पडल्यासारखं वाटते."

आणि देवकीबाई? पाच रविवार त्यांनी एकच उत्तर दिलं होतं. "काही नाही."

पाचव्या रविवारी वामनराव कळवळून म्हणाले, "काही नाही कसं जी? थोडंसं तरी?" त्या 'थोडंसं तरी'नं देवकीबाईंचा पारा चढला आणि ती घोषणा झाली.

खरं सांगायचं तर प्रश्न हृदयाचा नव्हताच. दोन वर्षांपूर्वी आई गेली तेव्हापासून देवकीबाईंना फारसं काही जाणवेनासंच झालं होतं. दोन खोल्यांचं घर, आईची लोखंडी खाट, एक घड्याळ. कॉलेजातून आल्यावर दुसऱ्या दिवशी कॉलेजात जाईपर्यंत त्यांच्या तोंडून सरासरी चार वाक्यं निघत, त्यांतली दोन नळाला उद्देशून. छातीत आहे तो नुसता पंप आहे की आणखी काही, एवढं एकदा त्यांना स्वतःपुरतं पाहायचं होतं.

विज्ञानाचा माणूस अडला की काय करतो? उपकरण आणतो! सोमवारी त्यांनी कॉलेजच्या कपाटातून स्टेथोस्कोप सही करून घेतला. आलेखाचा कागद घेतला. रोज सकाळी भिंतीला टेकून बसायचं, नळ्या कानात, चकती छातीवर, डोळे बंद, अर्धा तास ध्यान. नंतर ठोके मोजून कागदावर टिंब द्यायचं आणि कालच्या टिंबाला रेघेनं जोडायचं. भिंतीचा गिलावा खिळा धरेना, म्हणून तो कागद त्यांनी चिमट्यानं आईच्या खाटेच्या पायथ्याला, लोखंडी दांडीवर, लटकवून दिला. काय छान बसला! जणू ती दांडी त्यासाठीच घडवली होती.

इथंच घोटाळा झाला.

समोरच्या घरात जिजाबाई राहत. तीस वर्षं सरकारी दवाखान्यात आया होत्या, नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या आणि करायला काही नसल्यानं गंजत चालल्या होत्या. त्यांना लिहितावाचता येत नसे, पण खाटेच्या पायथ्याचा कागद त्यांना डॉक्टरापेक्षा आधी कळे. रेघ वर गेली की ताप, खाली गेली की घरच्यांना तार! आणि ज्याला साधा खोकला आहे त्याच्या खाटेला कागद लटकत नाही, हेही त्यांना पक्कं ठाऊक होतं.

गुरुवारी कॉलेजला सुट्टी होती. आठच्या सुमारास जिजाबाई वाटी घेऊन विरजण मागायला आल्या.

"मास्तरीणबाई वं! आहा का घरी?"

उत्तर नाही. कानात नळ्या असल्यावर उत्तर कसं येणार?

"वं मास्तरीणबाई!"

जिजाबाईंनी खिडकीतून डोकावलं. देवकीबाई भिंतीला टेकलेल्या. डोळे मिटलेले. कानात नळ्या. आणि समोर खाटेला कागद! ध्यानानं ठोके रोज थोडे उतरत होते, त्याचा देवकीबाईंना केवढा अभिमान होता. सोमवारी अठ्ठ्याहत्तर, मंगळवारी सत्तर, बुधवारी चौसष्ट. गुरुवारचं टिंब अजून द्यायचं होतं.

जिजाबाईंना दिसलं ते एवढंच. रेघ खाली, आणखी खाली, आणि मग कोरा कागद!

"कवडू! धाव रे! मास्तरीणबाई गेल्या!"

कवडू कोपऱ्यावर सायकलरिक्षा पुसत होता. तो रिक्षा चालवी त्याच वेगानं, म्हणजे ब्रेक नसल्यासारखा, आला आणि दाराला खांदा दिला. कडी आधीच थकलेली होती. कडी, दार आणि कवडू असे तिघंही आत आले आणि कवडू थेट खाटेवर आडवा झाला.

देवकीबाईंनी डोळे उघडले. खोलीत गल्लीतली सात माणसं होती! आईच्या तेराव्यानंतर त्या खोलीत एकावेळी इतकी माणसं आली नव्हती.

"अहो, हा प्रयोग आहे," त्या म्हणाल्या. "मला काही झालेलं नाही."

"बोलू नका!" जिजाबाईंनी त्यांना उचलून खाटेवर निजवलं. (कवडूला आधी खाली ढकललं.) "वार्डात एक हेडमास्तर होते. मले काही नाही, मले काही नाही, असं म्हणता म्हणताच गेले ते!"

"पण जिजाबाई, तो आलेख..."

"तीस वर्षं पाहून राहिली मी कागद! मले शिकवता काय?"

आणि जिजाबाईंनी आपला रुंद, खरखरीत, चुलीवर तापलेला तळहात देवकीबाईंच्या छातीवर ठेवला. "गुमान पडा. मी आहे इथं."

आता देवकीबाई सत्यवादी बाई. विद्यार्थिनीचं एक निरीक्षण खोटं निघालं तर वही परत करणाऱ्या. त्यांनी त्याच क्षणी उठून बसायला हवं होतं. पण तो हात फार जड आणि फार ऊन होता. त्या गुमान पडल्या!

मग काय विचारता! नागपुरात माणूस धडधाकट असला तर त्याला कोणी विचारत नाही, पण खाटेवर पडला की गल्ली लोटते. शुक्रवारी दुपारपर्यंत घरात त्रेचाळीस संत्री जमली. कोणी खिचडी आणली, कोणी अंगारा. कवडूनं दार बसवलं, पण उलटं, त्यामुळे ते आता बाहेर उघडायला लागलं. देवकीबाईंची बावीस वर्षांतली ही आजारपणाची पहिलीच रजा. दर तासाला त्या ठरवत, पुढचा पाहुणा आला की खरं सांगून टाकायचं. पुढचा पाहुणा येई, उशाशी बसे, "कसं वाटते जी आता?" असं विचारी, आणि देवकीबाईंच्या तोंडून निघे, "जरा बरं आहे!"

जरा! शास्त्राच्या बाईनं मोजमाप न करता वापरलेला आयुष्यातला पहिला शब्द.

शनिवारी संध्याकाळी वामनराव संत्र्यांची अख्खी टोपली घेऊन आले, आणि मागोमाग आनंदराव, प्रेमलता आणि सगळा वर्ग. "उद्याचा वर्ग आजच, इथंच," आनंदराव म्हणाले. अकरा माणसं खाटेभोवती सतरंजीवर बसली. अकरा जणांनी डोळे मिटले. जिजाबाई दारात पहाऱ्याला उभ्या राहिल्या.

घड्याळ तेवढं चाललं होतं. वामनरावांच्या नाकातून शिट्टीसारखा आवाज येत होता. संत्र्यांचा वास सुटला होता. देवकीबाई पडल्या पडल्या ऐकत होत्या अकरा माणसांचा श्वास, आपल्या घरात. कानात नळ्या नव्हत्या, बोट नाडीवर नव्हतं.

आणि तेव्हा ते आलं. बरगड्यांच्या मागून, किंचित डावीकडून, अगदी पुस्तकात दिलेल्या पत्त्यावरून. एक ठोका, मग दुसरा. आणि ठोक्यांमागं काहीतरी ऊन, घशापर्यंत चढत जाणारं.

आनंदरावांनी हळूच विचारलं, "काय जाणवलं, देवकीबाई?"

देवकीबाई ताडकन उठून बसल्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "धडधडतंय!" त्या ओरडल्या. "अहो, किती धडधडतंय!"

"धडधडून राहिलं!" जिजाबाई दारातून गरजल्या. "कवडू! रिक्षा काढ!"

पुढच्या दहा मिनिटांत देवकीबाई रिक्षात होत्या, त्यांच्या मांडीवर जिजाबाईंचा हात आणि मागं सायकलवर वामनराव. दवाखान्यात तरुण डॉक्टरानं छातीला तारा लावून लांबलचक रेघ काढली, वरून पाहिली, खालून पाहिली आणि म्हणाला, "उत्तम आहे! असं हृदय मलाही चालेल. दमल्या असाल तर चार दिवस विश्रांती घ्या."

बस्स. त्याच्या अडीच वाक्यांतला एकच शब्द जिजाबाईंनी उचलला. विश्रांती!

तीस वर्षं ज्या बाईनं वार्डाचं दार सांभाळलं तिला विश्रांती म्हणजे काय ते सांगावं लागतं? रविवारी सकाळपासून जिजाबाई समोरच्या ओट्यावर स्टूल टाकून बसल्या आणि एकेकाला गल्लीतूनच परत पाठवू लागल्या. "डॉक्टरानं सांगतलं आहे! त्याईले बोलायले लावायचं नाही!" प्रेमलता फिरली. वामनराव फिरले. आनंदरावसुद्धा लांबूनच हात जोडून गेले.

देवकीबाई आत एकट्या. घड्याळ आणि त्रेचाळीस संत्री, अधिक वामनरावांची टोपली. त्यांनी कागदावर रविवारचं टिंब दिलं, बहात्तर. शेजारी लिहिलं, 'जाणवतं.' मग ते वाक्य कोणाला दाखवावं म्हणून खोलीत पाहिलं.

संध्याकाळी त्यांनी वाटी घेतली, त्यात विरजण घातलं आणि उलटं दार ढकलून गल्ली ओलांडली. काय सांगायचं ते त्यांनी नीट ठरवलं होतं, वाक्यं जुळवून. जिजाबाई, मी कधीच आजारी नव्हते. तुम्ही रोज या. नुसत्या या.

"काहून उठल्या वं?" जिजाबाई स्टुलावरून ताडकन उभ्या राहिल्या.

"तुमचं विरजण राहिलं होतं. आणि मला जरा बोलायचं..."

जिजाबाईंनी वाटी घेतली आणि देवकीबाईंना खांद्याला धरून परत घराकडे वळवलं. "आता नाही. भेटायची वेळ चार ते सहा!"

देवकीबाईंनी घरात येऊन घड्याळ पाहिलं. सहा वाजून दहा मिनिटं.

दुसऱ्या दिवशी पावणेचारला त्यांनी दार सताड उघडलं, बारा संत्री सोलून ताटलीत ठेवली आणि आईच्या खाटेवर डोळे मिटून बसल्या. चारच्या ठोक्याला समोरच्या ओट्यावर स्टूल सरकल्याचा आवाज झाला आणि पावलं गल्ली ओलांडून इकडे यायला लागली. ठोके मोजायचे नाहीत, असं आनंदरावांनी बजावलं होतं.

देवकीबाईंनी मोजले. चौऱ्याण्णव!