निळ्या झुलीतला टीव्ही

महेंद्र साळवेच्या बदलापुरातल्या बेलवलीच्या घरात भिंतीवर सपाट टीव्ही होता, आणि टीव्ही बघायचा झाला की घरातली माणसं शेजारी जात.

शेजारी म्हणजे समोरच्याच दारात, श्यामकांत आणि मालिनीबाईंकडे. त्यांच्याकडे जुना डबा होता, पोक काढून कोपऱ्यात बसलेला. मध्येच हिरवा पडायचा, थापट मारली की शहाण्यासारखा वागायचा. महेंद्रकडे मात्र कॅम्प चारच्या बाजारातून आणलेला एलसीडी होता, घरातल्या कुठल्याही माणसापेक्षा सडपातळ. त्याला सुनेत्राने, महेंद्रच्या बायकोने, निळ्या सॅटिनचं आवरण शिवलं होतं, कडेने सोनेरी लेस लावून. पोळ्याच्या बैलालासुद्धा कुणी इतक्या हौसेने झूल शिवत नाही. फरक एवढाच, की बैल वर्षातून एकदा झूल घालतो आणि हा टीव्ही वर्षातून एकदा झूल काढायचा.

महेंद्र अंबरनाथच्या एका कारखान्यात तपासणी खात्यात होता. बाहेरून येणारा नट असो की बोल्ट, त्याच्या हातून गेल्याशिवाय आत जात नसे. दिवसभर वस्तूंचे दोष काढून काढून त्याला वस्तूंविषयी एक कायमची हळहळ वाटू लागली होती. माणसं झिजतात त्याचं त्याला फारसं काही नव्हतं, पण चांगल्या मालावर ओरखडा दिसला की त्याच्या घशाखाली घास उतरत नसे. टीव्ही घेताना त्याने कॅम्प चारची दुकानं पालथी घातली, सेटच्या पाठी ठोकून बघितल्या, वायरी हुंगल्या. शेवटी हासानंद नावाच्या दुकानदाराने, हे गिऱ्हाईक जाईल तर आपल्याला जेवायला मिळेल अशा स्वरात सांगितलं, "साईं, ये पॅनल साठ हजार घंटे चलेगा. आपके पोते देखेंगे."

दुकानदाराने हे टीव्ही विकण्यासाठी सांगितलं. महेंद्रने ते टीव्ही न लावण्यासाठी ऐकलं. साठ हजार तास आहेत, म्हणजे लावला की संपायला लागणार, आणि न लावला तर आहे तसा उरणार, असा त्याचा सरळ हिशेब. जुना चालता टीव्ही तर एक्सचेंजमध्ये दुकानातच राहिला होता.

मग घरात नियम आले. पडद्यावरची प्लास्टिकची पातळ फिल्म काढायची नाही, ती कंपनीने काही उगाच लावलेली नाही. उजेड अगदी कमी ठेवायचा, कारण उजेडानेच आतला दिवा झिजतो. आवाजही बेताचा, स्पीकरच्या पडद्याला ताण नको. रिमोट आधी कंपनीच्याच पिशवीत, मग दुधाच्या पिशवीत, मग रबरबँडात. दोन वेळा सणाला टीव्ही लागला तेव्हा पडद्यावरची माणसं ग्रहण लागल्यासारखी दिसली आणि कुणी मेल्याची बातमी सांगावी तसं कुजबुजली. कुणी टोकलंच, तर महेंद्र शांतपणे म्हणे, "लाँग टर्म बघा."

तेव्हा बदलापुरात भारनियमन जोरात होतं. लाईट गेली की अख्खी बेलवली वीज मंडळाच्या नावाने बोटं मोडायची. महेंद्र तेवढा खिडकीत समाधानाने उभा राहायचा. त्याच्या मते तेवढाच टीव्हीला आराम.

या सगळ्यात एक जीव मात्र खरोखर अडकला होता, तो म्हणजे महेंद्रच्या आईचा, रखमाबाईंचा. त्यांच्या एका डोळ्याचा मोतीबिंदू काढलेला, दुसऱ्याचा काढायचा होता. शेजारी जाऊन दुसऱ्याच्या खुर्चीत बसणं त्यांना आवडत नसे. त्या निळ्या झुलीकडे तोंड करून तांदूळ निवडत आणि ओठांतल्या ओठांत काहीबाही गुणगुणत. जात्यावर दळायचे दिवस गेले होते, पण ओवी काही जात्याच्या आत राहत नव्हती. ती त्यांच्या श्वासातच होती.

विठ्ठलवाडीला त्यांची बालमैत्रीण राहायची, जनी. तिच्याकडच्या विहारात एका वाहिनीचे लोक ओव्या गाणाऱ्या बायकांचं चित्रीकरण करायला आले, तेव्हा जनीने रखमाबाईंना बोलावून घेतलं. त्या पांढरं लुगडं नेसून गेल्या, गायल्या, चहा पिऊन परत आल्या. काय गायलं, असं महेंद्रने विचारलं तर म्हणाल्या, "गायले चार बाबासाहेबांच्या, चार आपल्या घरच्या. तुला काय करायचंय?"

कार्यक्रम शनिवारी संध्याकाळी दिसणार होता, एकदाच. रखमाबाईंनी आधीच्या रविवारी दुपारी जेवताना विषय काढला. आवाज साधा होता, पण ताटातला हात थांबला होता.

"महिंद्रा, मला तेवढं आपल्या घरात बघायचंय. परक्याच्या दारात न्हाई."

महेंद्रने विचार केला. अर्धा तास. साठ हजारातून अर्धा तास म्हणजे तसं काही फार नव्हे. तो हो म्हणाला, आणि आपण मोठ्या मनाचे आहोत असं त्याला संध्याकाळपर्यंत वाटत राहिलं.

रखमाबाईंनी एवढ्या होकारावर जनीला निरोप धाडला. जनीने विठ्ठलवाडीच्या महिला मंडळाला सांगितलं. मालिनीबाईंनी जिन्यात सांगितलं, म्हणजे इमारतीला सांगून झालं. शनिवारी दार उघडावं तो पायपुसण्यावर चपलांचा ढीग, आणि आत बायका, श्यामकांत, तळमजल्याचा अनंता शिंपी आणि, हातमशीन सोडून, त्याचं सगळं घर. कुणी जयभीम म्हणत, कुणी नमस्कार म्हणत, पण प्रत्येकजण आत येताच आधी झुलीकडे बघत होता. ती आतून कशी आहे याचं कुतूहल दोन वर्षं पिकलं होतं.

"एवढ्या माणसांची उष्णता," महेंद्र सुनेत्राच्या कानाशी पुटपुटला. "पॅनलला बरी नव्हे."

"मग पॅनल उचलून गच्चीत ठेवू का?" सुनेत्रा म्हणाली. "माणसं इथंच बसणार आहेत."

झूल निघाली. टीव्ही लागला. अंधारात मातीच्या रंगाची दोन माणसं साबणाची जाहिरात करताना दिसली. मंडळ पुढे सरकलं. जनीने डोळ्यांवर हात धरला आणि विचारलं, हे लोक आंघोळ करतायत की दरोडा घालतायत. श्यामकांत, ज्यांना दुसऱ्याच्या वस्तूविषयी मत द्यायला फार आवडे, जवळ जाऊन वाकले.

"महेंद्रराव, फिल्म काढलेली नाहीत तुम्ही. आणि एक सांगू? हे मॉडेल बंद झालं. परवाच दुकानात बघितलं, याच्यापेक्षा मोठा सेट याच्यापेक्षा स्वस्त आहे. तुम्ही जपलात ते काय जपलात?"

हे महेंद्रला असं लागलं, की त्याने मान ताठ करून फिल्म काढायचं जाहीर केलं. मात्र आधी पद्धत ठरवावी लागेल, म्हणाला. पद्धत सगळ्यांनी एकदम ठरवली. मालिनीबाई रॉकेल म्हणाल्या. अनंता शिंपी म्हणाला, गरम इस्त्री फडक्यात गुंडाळून फिरवू. श्यामकांत घरी जाऊन केस वाळवायचं यंत्र घेऊन आले, ज्याची त्यांना स्वतःला गरज उरलेली नव्हती. पण बदलापूरचे दोन उन्हाळे त्या फिल्मने पडद्याला धरून काढले होते. ती आता पाहुणी नव्हती, घरची झाली होती.

महेंद्रने कोपऱ्यात नख घातलं, श्वास रोखला आणि ओढलं. फिल्म कोपऱ्यातून सुटली, मधोमध आली आणि उभी फाटली. डावी बाजू लखलखीत झाली. उजव्या बाजूला धुकं तसंच राहिलं, वर त्याच्या बोटांचे पाच डाग.

आणि तेवढ्यात कार्यक्रम सुरू झाला.

डाव्या बाजूला मुलाखत घेणारा गृहस्थ बसला होता. त्याच्या मिशीचा केस न् केस मोजता येत होता. उजव्या बाजूला, कुकरच्या वाफेत ठेवल्यासारखं, काहीतरी पांढरं हलत होतं.

रखमाबाई पुढे वाकल्या, चांगला डोळा पुढे करून.

"ह्यो बाप्या तेवढा सवच्छ दिसतोय," त्या म्हणाल्या. "आन् मी कुठाय?"

महेंद्रने हेअर ड्रायरकडे हात केला. सुनेत्राने तो हात बाजूला केला, पदर खोचला, फाटलेली कड दोन्ही मुठींत धरली आणि एकाच हिसक्यात फिल्म उपटली. आवाज असा झाला, की महेंद्रने डोळे मिटले. उघडले तेव्हा पडद्यावर त्याची आई होती. कपाळावरची गोंदणं, कानाची ओघळलेली पाळी, हनुवटीवरची बारीक लव, सगळं जागच्या जागी. फक्त उजेड मंद होता.

पहिल्या ओव्या झाल्या. बायकांनी बसल्या जागी सूर धरला, जनीने डोळे पुसले. मग त्या मिशीवाल्याने विचारलं, आजी, आजच्या काळावर काही रचलंय का. पडद्यावरच्या रखमाबाई हसल्या. खोलीतल्या रखमाबाई मात्र एकाएकी तांदूळ निवडल्यासारख्या आपल्या लुगड्यावरचा धागा वेचू लागल्या.

पडद्यातून आवाज आला, बेताचाच, पण स्वच्छ.

"निळ्या शालूची नवरी, लेकानं आणली थाटात
घुंगट उचलंना हातात, म्हणे झिजून जाईल ग.

दिव्याला दिला न्हाई, उजेड मुठीत झाकला
शेजाऱ्याच्या दारी धाडला, घरचा कुटुंबकबिला ग."

मालिनीबाईंनी पदर तोंडाशी नेला. श्यामकांतांना खोकला आला आणि तो थांबेना. अनंता शिंपी उघड हसला, कारण त्याला महेंद्रने एकदा शर्टाची शिलाई वाकडी म्हणून तीनदा उसवायला लावली होती. पडद्यावरच्या रखमाबाईंचं काही संपलं नव्हतं. त्यांनी मान जराशी कलती केली, जशी त्या जात्याचा खुंटा धरताना करत, आणि शेवटची म्हटली.

"टीव्हीचं आयुष्य ग, लेक मोजतो तासानं
माझं चाललं मासानं, त्याला कोण सांगल ग."

या वेळी कुणी हसलं नाही. सगळ्यांनी टीव्हीवरून नजर काढून महेंद्रकडे बघितलं. बारा हजार बोल्ट परत पाठवणारा माणूस पहिल्यांदा दुसऱ्याच्या तपासणीखाली उभा होता. त्याने रिमोट उचलला. सवयीने बंद करणार, असं सुनेत्राला वाटलं आणि ती उठायला लागली.

महेंद्रने रबरबँड काढला. दुधाची पिशवी काढली. आतली कंपनीची पिशवी निघेना, ती दातांनी फाडली. मग त्याने उजेड वाढवायला सुरुवात केली. खोलीभर दुपार झाल्यासारखं झालं. आईच्या पांढऱ्या लुगड्याचा काठ पिवळा आहे हे त्याला पडद्यावर बघून कळलं, आणि तो गेली कैक वर्षं पिवळाच होता. त्याने आवाजही वाढवला. आणि रिमोट आईच्या मांडीवर ठेवला.

"घे. तुझ्या मनाने लाव. रोज लाव."

रखमाबाईंनी रिमोट उलटासुलटा करून बघितला, नेमका महेंद्रसारखा. मग अंगठ्याने एक बटण जोरात दाबलं.

टीव्ही विझला. पंखा मंद होत होत थांबला. खोलीत काळोख पसरला.

अंधारातून रखमाबाईंचा आवाज आला, दुखावलेला. "बंद केलास होय रे?"

"मी नाही, आई. लाईट गेली."

"या वेळेला भारनियमन नसतं," श्यामकांत अंधारातून म्हणाले. "मेन स्विचकडे जाऊन आलात का, महेंद्रराव?"

"मी इथंच होतो. सुनेत्रा, सांग ना."

"मला अंधारात दिसलं नाही," सुनेत्रा म्हणाली.

महेंद्र चाचपडत खिडकीपाशी गेला आणि तिची दोन्ही दारं उघडून उभा राहिला, सगळ्यांना पुरावा दिसावा म्हणून. अख्खी बेलवली काळी होती. त्याने तोंड बाहेर काढून वीज मंडळाला आयुष्यातली पहिली शिवी दिली, चांगली पोटातून आलेली. पण ती कुणी ऐकली नाही. मागे अंधारात रखमाबाईंनी नवीच ओवी धरली होती, मेन स्विच बंद करणाऱ्या लेकाची, आणि विठ्ठलवाडीचं सगळं मंडळ तिच्यात सूर मिसळत होतं.