काटेसाहेब काट्यावर चढतात

वजन कमी करायचं हा निर्णय काटेसाहेबांचा नव्हता. तो त्यांच्या बायकोचा, डॉक्टरांचा आणि जिन्याचा होता. (जिना घरचाच. हल्ली तो चढून आले की साहेब दारात उभे राहून बेल न वाजवता नुसते धापा टाकायचे, आणि त्या आवाजावर मुलगी दार उघडायची.) साहेबांचा स्वतःचा निर्णय एकच आणि अगदी छोटा होता, तो म्हणजे घरात वजनाचा काटा आणायचा. पुढचा सगळा गोंधळ त्या काट्यानं घातला.

काटेसाहेब हे त्यांचं नाव नव्हे. ते वजनमापे निरीक्षक होते. दुकानात अचानक शिरायचं, पिशवीतून खात्याची प्रमाणित वजनं काढायची, दुकानदाराच्या काट्यावर ठेवायची, आणि काटा खोटा निघाला की त्याला जागच्या जागी सील ठोकायचं, ही त्यांची नोकरी. बाजारानं त्यांना काटेसाहेब केलं आणि साहेबांनाही ते मनातून आवडलं. कुणाचा चहा प्यायचे नाहीत, कुणाच्या खुर्चीत बसायचे नाहीत. (खुर्चीचं कारण तत्त्वाचं होतं असं ते सांगत. एका खुर्चीचा पाय त्याआधी मोडला होता.)

तर काटा घरी आला, साहेब चढले आणि काट्यानं शहाण्णव दाखवलं.

"हा काटा सदोष आहे," साहेब म्हणाले.

"तुमच्या अंगात बनियन आहे म्हणून असेल," बायको म्हणाली.

दुसऱ्या दिवशी साहेब ऑफिसातून प्रमाणित वजनं घरी घेऊन आले. चार मजूर लागावेत एवढी वजनं त्यांनी स्वतः दोन खेपांत जिन्यानं वर चढवली, आणि रीतसर पडताळणी केली. काटा शंभर टक्के बरोबर निघाला. आजवर कोणाचाही काटा बरोबर निघाला म्हणून साहेबांना इतकं वाईट वाटलं नव्हतं.

मग बायकोनं अट घातली. "महिनाअखेरपर्यंत नव्वदच्या खाली या. नाही आलात, तर पहिल्या तारखेपासून भाऊजींकडे व्यायामाला."

भाऊजी म्हणजे तिच्या थोरल्या बहिणीचे यजमान, अर्थात साहेबांचे साडू. हे गृहस्थ शाळेत व्यायामशिक्षक होते. निवृत्त झाले तरी गळ्यातली शिट्टी निवृत्त झाली नव्हती. जेवायला आले की पानावर बसतानाही फुंकायचे, आणि आजूबाजूचे लोक नकळत ताठ बसायचे. सकाळी उजाडायच्या आत ते आठदहा पोटं मैदानावर जमवून पळवत असत. एकदा साहेबांनी तो प्रकार लांबून पाहिला होता. पळणाऱ्यांत बँकेचे मॅनेजर होते, आणि ते रडत होते. तेव्हा साडूच्या तावडीत सापडायचं नाही, एवढा एकच ध्यास साहेबांनी घेतला.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, "वजन आठवड्यातून एकदाच करायचं. ठरलेला वार, ठरलेली वेळ. रोज केलंत तर वेड लागेल."

साहेबांना हे पटलं नाही. "दुकानदाराला आधी वार सांगून तपासणीला गेलो तर तो सापडेल का? शरीराचंही तसंच आहे. धाड अचानकच पडली पाहिजे." मग ते चहाच्या आधी वजन करू लागले, चहाच्या नंतर करू लागले, दाढी करून आले की करू लागले. एकदा नखं कापून काट्यावर चढले. आणि प्रत्येक वेळी निकाल घरभर जाहीर व्हायचा.

"तीनशे ग्रॅम कमी!"

"अहो, चष्मा काढून ठेवलाय तुम्ही."

"चष्मा तीनशे ग्रॅम नसतो."

"मग खिशातल्या किल्ल्या बघा. टेबलावर आहेत."

वाढलं की मात्र घरात सुतक. पाणी पिऊन दोनशे ग्रॅम वाढलेले पाहून त्यांनी एका रविवारी दिवसभर पाणी सोडलं, संध्याकाळी चक्कर आली, आणि ती घालवायला बायकोला साखरपाणी द्यावं लागलं. ते प्यायल्यावर साहेब उठले ते थेट काट्याकडे गेले. त्या क्षणी बायकोचा संयम संपला.

सोमवारी काटा जागेवर नव्हता.

"भंगारात दिला," बायको म्हणाली. "आता आठवड्यातून एकदा ऑफिसात वजन करा आणि घरी येऊन फक्त आकडा सांगा. मध्ये एक शब्द नको."

मुलीनं टाळ्या वाजवल्या.  तो आठवडा साहेबांनी कसा काढला हे त्यांचं त्यांना माहीत; ऑफिसात लोकांच्या देखत काट्यावर चढायचं धाडस होईना. शेवटी शनिवारी राहवेना, तेव्हा ऑफिस सुटल्यावर ते कोपऱ्यावरच्या भंगारवाल्याकडे आपला काटा सोडवायला गेले.

"तसला काटा आलाच नाही साहेब," भंगारवाला म्हणाला. तो काउंटरमागून घाईघाईनं उठला होता आणि त्याचा चेहरा उतरला होता. काटेसाहेब दुकानात शिरले की कुणाचाही उतरायचा. "तपासणीला आलात काय?"

"छे छे. सहज."

सहज म्हणता म्हणता त्यांची नजर रद्दीच्या ढिगाशेजारी गेली. तिथे चांगला ऐसपैस प्लॅटफॉर्म काटा होता. आठवडाभराचा उपाशी माणूस जेवणाच्या ताटाकडे जाईल तसे साहेब तिकडे गेले आणि चढले.

एक्याण्णव!

साहेबांनी खाली उतरून पुन्हा चढून पाहिलं. एक्याण्णवच. आठवडाभर वजन केलं नाही आणि पाच किलो उतरलं! म्हणजे डॉक्टर बरोबर होते. वजन रोज पाहिलं की ते बिथरतं, पाहिलं नाही की मुकाट्यानं निघून जातं. सवयीनं साहेबांचा हात पिशवीतल्या प्रमाणित वजनाकडे गेला. एक वजन ठेवायचं आणि काटा तपासायचा, पाच सेकंदांचं काम. हात पिशवीत गेला, थांबला, आणि रिकामाच बाहेर आला. 'आज आपण ड्यूटीवर नाही,' साहेबांनी स्वतःला बजावलं. (बावीस वर्षांत हा विचार त्यांना पहिल्यांदाच सुचला होता. तेवढ्यावरून तरी शंका यायला हवी होती.)

"काटा छान आहे तुझा," ते भंगारवाल्याला म्हणाले.

भंगारवाल्यानं आधी मागे वळून पाहिलं. आपल्या मागे दुसरं कुणी उभं असावं असं त्याला वाटलं.

घरी बायको खूश झाली. त्या रात्री साहेबांना बटाटे मिळाले. इथपर्यंत सगळं ठीक होतं. पण माणसाला एकदा चांगली बातमी मिळाली की ती पुन्हा पुन्हा ऐकावीशी वाटते. सोमवारी साहेब पुन्हा भंगारवाल्याकडे गेले, मंगळवारी गेले, मग रोजच जाऊ लागले. घरी मात्र ते सांगत, "आठवड्यातून एकदा, ऑफिसातल्या काट्यावर." ऑफिसातल्या लोकांनाही ते उपदेश करू लागले. "सारखं वजन करायचं नसतं हो. संयम पाहिजे, संयम." आणि संध्याकाळी सगळ्यांच्या आधी बॅग उचलून संयमाच्या दुकानाकडे सुटायचे.

एकोणनव्वद. अठ्ठ्याऐंशी. सत्त्याऐंशी. साहेब आनंदानं केकही खाऊ लागले, तरी वजन उतरतच होतं. एके दिवशी शहाऐंशी दिसलं तेव्हा त्यांना भरून आलं. दुकानात रद्दी घेऊन आलेली चार माणसं होती. त्यांच्या देखत साहेबांनी भंगारवाल्याच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "सगळ्या बाजारात खरा काटा एकच, तो हा!"

पँट मात्र अजून घट्टच होत होती. "धुऊन धुऊन आटली असेल," असं त्यांनी ठरवून टाकलं.

महिनाअखेर चारच दिवसांवर आली होती. साहेब मनानं जिंकूनच बसले होते. आणि सकाळच्या चहाला बायको म्हणाली, "अहो, तुमच्या खात्यात तक्रार कशी करायची?"

"कुणाची?"

"कोपऱ्यावरच्या भंगारवाल्याची. काल रद्दी दिली. घरून मोजून नेली होती, दहा किलो. तिथे भरली नऊ."

साहेबांचा कप बशीत आपटला. "घरून मोजून? कशावर?"

"आपल्या काट्यावर. माळ्यावर आहे तो. भंगारात कशाला देईन नवाकोरा काटा?"

आता एवढ्यावरून शहाणा माणूस सगळं समजला असता. साहेबही समजले. पण समजणं वेगळं आणि मान्य करणं वेगळं. "रद्दी वाळते," ते म्हणाले.

"कोपऱ्यापर्यंत जाताना?"

"ऊन असतं. कागदातला ओलावा..."

"बाबा, किलोभर ओलावा असेल तर खाली सांडेल ना," मुलगी म्हणाली.

"तपासणी करा ना त्याची," बायको म्हणाली. "तुमचंच तर काम आहे."

साहेबांच्या डोळ्यांपुढे मैदान आलं. शिट्टी आली. रडणारे बँक मॅनेजर आले. "बघू पुढच्या महिन्यात," ते म्हणाले, आणि हे वाक्य आपल्या तोंडून निघालं याची त्यांना खरोखरच लाज वाटली. बावीस वर्षांत कुठल्याही तक्रारीला त्यांनी पुढचा महिना दाखवला नव्हता. दिवसभर ते ऑफिसात मान खाली घालून बसले. एकीकडे इभ्रत, एकीकडे दहा किलो. संध्याकाळपर्यंत त्यांचं ठरलं, की उद्या सकाळी जायचं आणि सील ठोकायचं, मग साडू येवो की आणखी कोणी.

पण बायको त्यांच्या आधी निघाली होती. ती दुसऱ्या दिवशी थेट त्यांच्या वरिष्ठ मॅडमच्या टेबलापुढे जाऊन उभी राहिली, काखेत घरचा काटा घेऊन. तासाभरात सगळी वरात भंगारवाल्याच्या दुकानात पोचली. मॅडम, बायको, वजनं उचलणारा शिपाई, आणि सगळ्यात मागे साहेब.

साहेबांनी वीस किलोचं प्रमाणित वजन काट्यावर ठेवलं. काट्यानं अठरा दाखवलं, तेही जेमतेम.

"काटा खोटा आहे," साहेब पडलेल्या आवाजात म्हणाले. हे वाक्य त्यांनी हजारदा म्हटलं असेल, पण आज त्याबरोबर त्यांच्या अंगावर दहा किलो परत चढले.

"खोटा?" भंगारवाला ओरडला. "अहो, रोज संध्याकाळी तुम्हीच तर उभे राहत होता याच्यावर! आकडा उतरला की खूश होऊन जायचात. मला वाटलं, साहेबांना कमी आवडतंय, म्हणून दर दोन दिवसांनी मी सेटिंग थोडी खाली घेत गेलो. तुमच्यापायी गिऱ्हाइकांच्या शिव्या खाल्ल्या मी! आणि परवा चार लोकांपुढे खरा काटा म्हणून पाठ कोणी थोपटली?"

 मॅडमनी साहेबांकडे पाहिलं. बायकोनंही पाहिलं, जरा खालून वर.

"रोज?" बायको म्हणाली.

"गुप्त पाळत," साहेब म्हणाले. त्यांनाच ते इतकं खोटं वाटलं, की त्यांनी पुढच्याच श्वासात सगळं कबूल केलं.

 बायकोनं काखेतला काटा जमिनीवर ठेवला आणि बोटानं दाखवला. साहेब चढले. शहाण्णव.

"महिन्यापूर्वी किती होतं?" मॅडमनी विचारलं.

"शहाण्णवच," बायको म्हणाली.

"पाणी सोडलं, केक खाल्ला, तरी एवढासाही फरक नाही?" मॅडम विचारात पडल्या. आता मॅडमची अडचण अशी, की वजनं वाहून नेणारी खात्याची गाडी दुरुस्तीला गेली होती, आणि मोठ्या काट्यांच्या तपासण्या सगळ्या खोळंबल्या होत्या. "वीस वीस किलोची वजनं डोक्यावर न्यायला माणसं नाहीत. तुम्ही स्वतःच्या पायांनी चालता. गाडी येईपर्यंत मोठ्या काट्यांवर तुम्हीच चढत जा. सकाळी ऑफिसच्या काट्यावर पडताळणी करायची आणि मग निघायचं."

ही शिक्षा होती की थट्टा, हे साहेबांच्या लक्षात आलं नाही. त्यांना एवढंच कळलं, की आता रोज वजन करायचा सरकारी हुकूम झाला आहे. शिवाय वजन कमी होऊनही चालणार नव्हतं! घरी ते उड्या मारतच जिना चढले.

"साडूला कळव," ते धापा टाकत म्हणाले. "नाइलाज आहे म्हणावं. मी आता खात्याचं वजन आहे. एक ग्रॅम हलून चालायचं नाही."

त्या आनंदात त्यांनी रात्री बटाटे दोनदा वाढून घेतले, आणि उरलेला केक वाया जायला नको म्हणून संपवला.

सकाळी ऑफिसच्या काट्यावर मॅडमच्या देखत पडताळणी झाली. सत्त्याण्णव. मॅडमनी मान हलवली आणि त्या पुढच्या कामाला लागल्या. शिपाई मात्र नियमाचा पक्का. तफावत आलेल्या प्रत्येक वजनाला तो जी चिठ्ठी बांधायचा, तीच त्यानं सवयीनं साहेबांच्या शर्टाच्या बटणाला बांधली. साहेबांच्या ते ध्यानातही आलं नाही. दिवसभर बाजार आपल्याकडे बघून का हसतोय हे त्यांना कळेना.

संध्याकाळी मुलीनं दार उघडलं. मागून बायको आली. तिनं चिठ्ठी हातात धरली आणि मोठ्यानं वाचली, "नापास. दुरुस्ती करून घेतल्याशिवाय वापरू नये."

मग ती आतल्या खोलीकडे वळून म्हणाली, "भाऊजी, आले बरं का दुरुस्तीला!"

आतून शिट्टी वाजली, आणि काटेसाहेब नकळत ताठ उभे राहिले.