गाजर, भोपळा आणि पिवळे तळहात

चाळीस वर्षं मी लोकांची घरं रंगवली. कुठलाही रंग दाखवा, पाहताक्षणी शेडचा नंबर सांगेन! रंगाच्या बाबतीत माझी फजिती होईल असं कुणी म्हटलं असतं, तर मी त्याला ओला ब्रश घेऊन गल्लीभर पळवला असता.

झाली ती अशी.

बायको जाऊन आठ महिने झाले होते. लेकीने माझं रक्त तपासून घेतलं. हिमोग्लोबिन नऊ!

"बाबा, महिन्याभरात अकरा झालं नाही, तर बॅग भरायची आणि माझ्याकडे राहायला यायचं."

"तुझ्याकडे जीव घुसमटतो गं माझा."

"आणि इथे चहा-बिस्किटांवर जगता, ते चालतं?"

हे घर सोडायचं माझ्या जिवावर आलं होतं. त्यात स्वयंपाकघर रंगवायचं राहिलेलं. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी बायकोने तिथे फिका पिवळा रंग मागितला होता. मी म्हणालो, "पुढच्या महिन्यात." असे चारशेच्या वर महिने गेले. आता कुठे पहिला हात मारायला घेतला होता.

"अकरा काय, बारा करून दाखवतो!" मी लेकीला म्हणालो. "नुसत्या गाजरावर!"

गाजरच का? ते आमच्या घरातलं जुनं भांडण. मी गाजराच्या पक्षाचा, बायको लाल भोपळ्याच्या. ती भोपळा वाढायची, मी ताटाच्या कडेला सारायचो.

"भोपळ्यात असतं काय? पाणी!"

"आणि तुमच्या गाजरात सोनं असतं वाटतं?"

निकाल कधी लागलाच नाही. मग भांडायला समोर कुणी उरलं नाही.

म्हटलं, आता निकाल लावूनच टाकू. मोबाइलवर शोधलं आणि जुन्या शेडकार्डाच्या मागे तक्ता केला, शंभर ग्रॅममध्ये काय किती. अ जीवनसत्त्व : गाजर पुढे. चोथा : गाजर फारच पुढे! तक्ता फ्रिजवर चिकटवला आणि विजयाच्या आनंदात रोज किलोभर गाजरं चावायला लागलो. शेजाऱ्यांना वाटलं, मी घोडा पाळलाय.

तिसऱ्या आठवड्यात तळहात पिवळे झाले. मला काही वाटलं नाही, भिंतीचा रंग लागला असणार. टर्पेंटाइनने घासले. जाईना! मनात म्हटलं, वा, काय पक्का माल आहे! मग तळपायही पिवळे. आता पायांनी काही मी भिंत रंगवत नव्हतो, पण ठिबकला असेल.

खालच्या मजल्यावरचे निवृत्त कंपाउंडर पेपर मागायला आले आणि दारातच थबकले.

"हात बघू. अहो, ही कावीळ!"

"कसली कावीळ? रंग आहे तो, रंग!"

"आणि नाकावर?"

"नाकावर काय?"

"नाकाने रंगवता का भिंत?"

आरशात पाहिलं. नाक भिंतीपेक्षा दोन शेड गडद होतं.

कंपाउंडरांनी माझ्या लेकीला फोन लावला. दुपारपर्यंत जिन्यात गर्दी. एक वहिनी म्हणाल्या, "चेहरा किती उतरलाय!" दुसऱ्या म्हणाल्या, "त्यांच्या कपाला हात लावू नका हं." लेक आली ती रिकामी बॅग घेऊनच.

"बॅग कुणाची?"

"तुमची. आधी दवाखान्यात चला."

डॉक्टरांनी पापणी ओढून पाहिली. "डोळे पांढरेशुभ्र आहेत. कावीळ नाही. काका, खाता काय?"

"गाजर."

"किती?"

"किलोभर. रविवारी दीड."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "गाजराचा रंग कातडीत उतरलाय तुमच्या. थांबवा, जाईल आपोआप. आणि हा टर्पेंटाइनचा वास कसला?"

मी सांगितलं. त्यांनी नर्सलाही आत बोलावलं. एकट्याने हसून त्यांचं भागत नव्हतं.

रक्ताचा रिपोर्ट मात्र हसण्यासारखा नव्हता. नऊ! जसंच्या तसं नऊ.

घरी येऊन लेक फ्रिजसमोर उभी राहिली. तक्ता वाचला, पुन्हा वाचला.

"बाबा, लोहाचा रकाना कुठाय? रक्ताला लोह लागतं!"

"जागा पुरली नाही."

"खाली वीतभर जागा आहे!"

मग कबूल करावं लागलं. लोहात भोपळा पुढे निघाला होता. फार नाही, पण होता.

"आई नाही, तरी तिच्याशी रडीचा डाव?"

"ती असती तर खेळलो नसतो. तिने लगेच पकडलं असतं."

मग तिने रंगकामासाठी खाली काढलेली एक बरणी उघडली. भोपळ्याच्या बिया, बायकोने सोलून वाळवलेल्या.

"खरं लोह यात असतं. आई तुमच्या डब्यात रोज मूठभर टाकायची ना? खायचात ना तुम्ही?"

आता काय सांगू? मी कामावर बांबूच्या परांचीवर जेवायला बसलो की खारी यायच्या. मला वाटायचं, बायको त्या बिया खारींसाठीच देते! मनात म्हणायचो, किती दयाळू बाई आहे. चाळीस वर्षांत गावातल्या खारी मात्र धट्ट्याकट्ट्या झाल्या.

लेक हसता हसता रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "अजून एक महिना. डॉक्टरांच्या गोळ्या, भोपळा आणि बिया. बॅग इथेच ठेवतेय."

महिनाभर ती रिकामी बॅग दाराशी उभी राहून माझ्यावर नजर ठेवत होती. रिपोर्ट आला : अकरा पूर्णांक दोन! डॉक्टर म्हणाले, गोळ्यांमुळे. लेक म्हणाली, आईमुळे. बॅग परत गेली, मी राहिलो. तळहात उजळले, स्वयंपाकघर पिवळं झालं. बरणीच्या तळाशी मूठभर बिया मी तशाच ठेवल्यात.

आणि भोपळा? तुम्हाला म्हणून सांगतो, बरा लागतो. पण स्वयंपाकघरात हे मी मोठ्याने बोलत नाही. तेवढं एक भांडण तरी चालू राहू दे की!