फिरंगी कुणी व्हायचं?

"ह्या दिवाळीला किल्ला-स्पर्धेची ढाल आपल्या चाळीत आली नाही, तर मिशी उतरवीन!" रामकिसन गाडे भर बैठकीत म्हणाले आणि सगळी चाळ एकदम गंभीर झाली. गाडे बोईसरच्या एका कारखान्यात सुपरवायझर. रोज सकाळी आधी त्यांच्या मिशीला खोबरेल तेल मिळायचं, मग त्यांना चहा. पाळीला उशिरा येणाऱ्याला दम द्यायचा तर गाडे तोंड उघडत नसत, नुसती मिशी हलवत.

बेत मात्र खरोखर झकास होता. नेहमीचे रायगड-प्रतापगड बाद. इथलाच तारापूरचा किल्ला करायचा, पोर्तुगीज फिरंग्यांच्या त्या किल्ल्याला पडलेला मराठ्यांचा वेढा दाखवायचा आणि तोही चाळीचं अख्खं अंगण व्यापून. गाड्यांनी किल्ल्याला चार चकरा मारून नकाशा काढला. शेजारच्या पाम गावाहून मातीवाली भागी डोक्यावर पाटीभर माती घेऊन आली. तट उभे राहिले, तोफा चढल्या, खाडीत पाणी सोडलं. प्रत्येक बिऱ्हाडाने मातीचा एक शिपाई करायचा आणि त्याच्या पायाखालच्या पाटीवर आपलं नाव लिहायचं, असं ठरलं. गाड्यांना वाटलं, आता ढाल कुठे जातेय!

शिपाई जमा झाले. एकूण एक मराठे. फेटे, ढाली, भगवे झेंडे यांनी अंगण फुलून गेलं. किल्ल्यात मात्र चिटपाखरू नव्हतं.

"अहो, पण लढायचं कुणाशी? निम्म्यांनी फिरंगी करा!" गाडे ओरडले.

"माह्याकडं बघू नका दादा," झुंबर फिटर म्हणाला. "पोराची सोयरीक चाललीय. पाव्हणे किल्ला बघायला येणारेत. फिरंग्याच्या पायाखाली माहं नाव दिसल्यावर पोरगी देतील का?"

दातिवरे गावचं माहेर असलेली दमयंती तर पदर खोचूनच पुढे आली. "माज्या बापसाला कललं तं मना दारात उबी नाय करनार! मी नाय करनार फिरंगी."

"भागी, निदान तू तरी एक कर!"

"मी माती आनली, आता फिरंगी पन मीच होऊ?" भागीने मातीची पाटी झटकली आणि ती चालती झाली.

गाडे डगमगले नाहीत. त्यांनी चिठ्ठ्या टाकल्या. झुंबरच्या नशिबी फिरंगी आला. बराच वेळ डोकं खाजवून तो म्हणाला, "करतो. पण तो आतून आपलाच मानूस हाय. वेश बदलून गेलेला. टोपीखाली भगवा फेटा ठेवतो."

ही अट साऱ्या चाळीला पसंत पडली. बघता बघता किल्ल्यात टोपीवाले उभे राहिले, आणि प्रत्येकाच्या टोपीखालून भगवी कड डोकावत होती.

"सगळेच आपले, तर वेढा कशाला?" गाडे कपाळाला हात लावून म्हणाले. "आतून कडी काढा आणि जेवायला या म्हणावं!"

परीक्षक दुसऱ्या दिवशी येणार होते. गाड्यांच्या पत्नी इंदुबाई इतका वेळ चकल्या तळत सगळं ऐकत होत्या. त्यांनी हात धुतले आणि उरलेली माती पुढ्यात ओढली. "सरका. ते टोपीवाले उचला, मी करते तुमचे फिरंगी. पाटीवर नाव घालायचंच नाही, म्हणजे झालं."

बाईंचा हात चांगला होता. पण फिरंगी त्यांनी जन्मात पाहिलेला नव्हता. भांडखोर माणूस करायचा म्हटल्यावर बोटं आपोआप ओळखीच्या चेहऱ्याकडे वळली: चढलेल्या भुवया, फुगलेल्या नाकपुड्या आणि पीळदार मिशी. बुरुजावर, तोफेमागे, दारात सगळीकडे तोच उभा राहिला. किल्लेदार जरा मोठा केला, म्हणून मिशीही मोठी आली. रंग देताना गाड्यांना शत्रू फार आवडला. "आत्ता कसा माजलेला दिसतोय!" ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी परीक्षक किल्लेदारापाशीच थबकले. पालघरचे निवृत्त चित्रकलाशिक्षक ते. "वा! हा उर्मटपणा, ही गुर्मी! इतका जिवंत शत्रू मी आजवर पाहिला नाही." बोलताबोलता त्यांनी वर पाहिलं. समोर आभार मानायला हात जोडून गाडे उभे होते. परीक्षकांनी एकदा खाली पाहिलं, एकदा वर पाहिलं आणि खोकला काढला. मागून झुंबर खदखदला. मग दमयंती. मग सगळी चाळ.

ढाल मिळाली. पण ती मिरवत स्टेशनावरून आणताना रिक्षावाल्यांनी हाक दिली, "क्या कप्तान, किला गया?" कारखान्यात तर कहरच झाला. उशिरा आलेल्या कामगाराला दम द्यायला गाड्यांनी मिशी हलवली, तर त्याने दोन्ही हात वर करून "शरण आलो!" म्हटलं आणि अख्खी पाळी हसत सुटली.

संध्याकाळी ते न्हाव्याच्या खुर्चीत जाऊन बसले.

"उतरव."

न्हाव्याच्या हातातला वस्तरा थांबला. "पण साहेब, ढाल तर आली ना?"

"आली," गाडे डोळे मिटून म्हणाले, "म्हणूनच."